मुलाचा हात धरायला एक्सरेच्या खोलीत उभी राहिले, काही होईल का?

शेवंती_साखळी (१२ एप्रिल)
मंडळी, गेल्या बुधवारी माझा मुलगा (वय ७) शेजारच्या काजूवरून पडला. बोंडू काढायला चढला होता. मनगट सुजलं म्हणून जवळच्याच एका खाजगी ठिकाणी एक्सरे काढला. पोरगं रडत होतं, हात ठरत नव्हता, तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "ताई, तुम्हीच धरा." मी कोपराजवळ धरला. दोन फोटो झाले, त्यातला एक हलला म्हणून परत एक. मला ऍप्रन दिला नाही. निळा ऍप्रन समोरच खुंटीला लटकत होता, मला दिसतही होता, पण मागायचं सुचलं नाही. तो मुलगा स्वतः मात्र काचेमागे जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर दिराने डोकं खाल्लं. "तो पळाला म्हणजे काहीतरी असणारच ना? आणि पोराच्या कमरेवर शिशाचं काही घातलं का?" नव्हतं घातलं. जाऊ म्हणते, आठ दिवस नाचण्याचं तिझन घे आणि सोलांचं पाणी पी, रेडिएशन उतरतं.

मुलाला तीन एक्सरेंनी काही होईल का? मला काही होईल का? आणि ते अंगात राहतं का?

उंडो_पाव
तिझन जरूर घ्या. रेडिएशनसाठी नव्हे, एप्रिलच्या उकाड्यासाठी. बाकी एवढं रामायण होऊन बोंडू मिळाले की नाही ते तुम्ही लिहिलंच नाही. बोंडूच्या रसाचा नीरो प्यायला कधी येऊ?

अंधारखोली
शेवंतीताई, मी सदतीस वर्षं एक्सरे काढले. पहिली वीस ओल्या फिल्मवर, लाल दिव्याखाली, डेव्हलपरने नखं तपकिरी होईपर्यंत. आता निवृत्त. तेव्हा माझ्या परीने सांगतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. अंगात काही राहत नाही. एक्सरेची नळी विजेच्या दिव्यासारखी असते, बटण सोडलं की संपलं. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड साचून राहतो का? तसंच. त्यामुळे उतरवायला काही उरत नाही.

तो पळाला कशाला? पोदेराचं, म्हणजे पाव भाजणाऱ्याचं, उदाहरण घ्या. भट्टीच्या तोंडाशी तो पहाटेपासून उभा असतो, तुम्ही दारात दोन उंडे घेऊन निघून जाता. झळ दोघांनाही लागते, पण त्याची रोजची असते. हा मुलगा दिवसाला साठ-सत्तर एक्सरे काढत असेल, वर्षानुवर्षं. तो काचेमागे गेला नसता तर मी त्याला ओरडलो असतो.

चूक त्याने वेगळीच केली. पेशंटला धरायची वेळ आली तर नातेवाईकानेच धरायचं हे बरोबर, कारण तिथल्या माणसाने धरायचं ठरलं तर रोज तोच धरत बसेल. पण ऍप्रन घालूनच, आणि आपला हात किरणांच्या चौकोनात येऊ न देता. फोटोआधी जो प्रकाशाचा चौकोन पडतो ना, त्याच्या बाहेर. तुम्ही कोपराशी धरलात ते चांगलं केलंत.

आणि बाईला आत घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, दिवस गेलेत का किंवा तशी शक्यता आहे का. त्याने विचारलं होतं का?

अर्धायुष्य
काकांच्या पोदेराला माझे आकडे जोडतो. (उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवतो, सवय जात नाही.)

मोजमाप मिलिसिव्हर्टमध्ये. जमीन, हवेतला रेडॉन, अन्न, आकाशातून येणारे किरण असं सगळं धरून जगात सरासरी माणसाला काही न करता वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक एक्सरे ०.०२ च्या आसपास, म्हणजे तीन दिवसांचा हा फुकटचा रतीब. मनगटाचा एक ०.००१ च्या घरात. तुमच्या मुलाचे तीन मिळून अर्ध्या दिवसाचे झाले.

तुमच्यावर थेट किरण पडलेच नाहीत. मुलाच्या हातावर आपटून जे विखुरले तेवढेच आले. ढोबळ हिशेब असा की पेशंटवर पडतात त्याच्या हजारावा भाग एक मीटरवर पोचतो. तुम्ही जवळ होतात म्हणून तो हजारावा नव्हे, शंभरावा धरा. तरी मनगटाचा शंभरावा म्हणजे नावापुरतंच.

अंतराचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: दुप्पट लांब गेलं की चौथा हिस्सा, तिप्पट गेलं की नववा. वॉर्डात पोर्टेबल मशीन आलं की शेजारच्या खाटेवरचे लोक घाबरतात. दोन मीटर लांब उभे राहा, पुरे.

कुळागर
दर वेळी हेच ऐकतो, "एकच एक्सरे आहे हो". माझ्या आईला पोटदुखीसाठी दोन महिन्यांत पोटाचे चार सीटी स्कॅन (तेही एक्सरेचेच) झाले. पहिला एका इस्पितळात. दुसऱ्या ठिकाणी नेलं तर त्यांनी पहिल्याची सीडी उघडूनसुद्धा पाहिली नाही, "आमच्याकडचा लागेल". तिसरा "फॉलोअप". चौथा का केला ते आजवर कळलेलं नाही. आता याचाही अर्धा दिवस करून दाखवा, गुरुजी.

अर्धायुष्य
नाही करणार. पोटाचा एक सीटी सात ते दहा मिलिसिव्हर्ट, मशीन आणि पद्धतीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे तीन-चार वर्षांचा रतीब एका वेळी. चार सीटी म्हणजे बारा-पंधरा वर्षांचा. तुमचा राग बरोबर आहे.

धोका किती? किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय समितीचं जे गणित वापरतात त्यानुसार दहा मिलिसिव्हर्टला पुढच्या आयुष्यात कर्करोगाची जादा शक्यता साधारण दोन हजारांत एक. इतक्या कमी मात्रेचा परिणाम थेट मोजता येत नाही, मोठ्या मात्रांवरून सरळ रेघ खाली ओढून काढलेला हा अंदाज आहे. शिवाय वय महत्त्वाचं. तुमच्या आईपेक्षा शेवंतीताईंच्या मुलाला तोच सीटी जास्त महाग पडेल, कारण पेशी वाढत्या आणि आयुष्य पुढे पडलेलं.

कुळागर
सरळ रेघ ओढून काढलेला अंदाज. म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही.

अर्धायुष्य
केरळात कोल्लमजवळ करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळू आहे, थोरियमवाली, म्हणजे आपणहून किरण सोडणारी. तिथल्या लोकांना आपल्या कित्येक पट रतीब पिढ्यानपिढ्या मिळतोय. तिथे वर्षानुवर्षं नोंदी ठेवून अभ्यास झाला, कर्करोग जास्त आढळला नाही. पण म्हणून "काही होतच नाही" असं म्हणून चार-चार सीटी काढायचे नसतात. खात्री नाही तिथे सावध बाजूने हिशेब करायचा, एवढंच ती रेघ सांगते.

फोंड्याचा_पात्रांव
माझ्या मेव्हण्याला मणक्याचा एमआरआय करायला सांगितलाय. या सगळ्या गणितात एमआरआयचं रेडिएशन किती बसतं?

अंधारखोली
शून्य. एमआरआय म्हणजे चुंबक आणि रेडिओलहरी. सोनोग्राफी म्हणजे आवाज. या दोन्हींत एक्सरे नाहीत.

पण एमआरआयची भीती वेगळ्या कारणाने बाळगा. ते चुंबक रात्रंदिवस चालू असतं, मशीन बंद दिसत असलं तरी. २०१८ साली मुंबईत एक माणूस ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकाने सिलिंडरसकट ओढला. जीव गेला. मेव्हण्याला सांगा, किल्ल्या, नाणी, पट्टा बाहेर. पेसमेकर, जुनी क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला असेल तर आधी सांगायचं. वेल्डिंग-ग्राइंडिंग करणारे लोक हे हमखास विसरतात.

फोंड्याचा_पात्रांव
मेव्हणा वर्कशॉपवालाच आहे. काका, देव बरें करूं.

दोतोर_म्हापसा
दोन गोष्टी.

एक, कुळागर. आईच्या चौथ्या सीटीच्या वेळी विचारायला हवा होता तो प्रश्न "यात रेडिएशन किती" हा नव्हे. "याचा रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलणार आहेत का?" असं विचारायचं. समोरचा अडखळला तर समजून जा. मी स्वतः अडखळलो आहे, आणि दोनदा फॉर्म फाडून टाकलाय. उलट बाजूही सांगतो. डोक्याला मार लागून उलट्या होणाऱ्या माणसाला रेडिएशनच्या भीतीने सीटी नको म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. तिथे दोन हजारांत एक वगैरे हिशेब करत बसायचं नसतं.

आणि धडधाकट माणसाने "फुल बॉडी सीटी"च्या सवलतीच्या जाहिराती पाहून जाऊ नये. काही नसताना काहीतरी ठिपका सापडतो, मग त्या ठिपक्यासाठी पुढचा सीटी.

दोन, शेवंतीताईंचे दीर. कमरेवर शिसं नाही घातलं म्हणून भांडू नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने हे नेहमीचं झाकणं थांबवा असंच सांगितलं. मशीन आपोआप मात्रा ठरवतं. शिसं चुकून त्या पट्ट्यात आलं तर मशीनला वाटतं किरण कमी पडले आणि ते वाढवतं. शिवाय हवा तो भागच झाकला जाऊन फोटो परत काढावा लागतो. मनगटाच्या फोटोला तर कमर लांबच राहिली.

अंधारखोली
डॉक्टर, हे पटवून घेणं मला जड जातं. आयुष्यभर लहान पोरांना ते शिशाचं पान घालत आलो. आईबापांच्या जिवाला बरं वाटायचं. आणि पान सरकून कंबरेचं हाड झाकलं गेलं, म्हणून मी दुसरा फोटो काढलाय, हेही खरं. कितीदा, ते मोजलं नाही.

स्विंडनकर
इथे इंग्लंडात माझ्या मुलीच्या कंबरेच्या एक्सरेला काहीच घातलं नाही, मी तिथे उभा राहून वाद घातला होता. आता कळलं. त्या बाईची माफी मागायला हवी.

अवांतर: आई दर वर्षी गोव्याहून येते. विमानातही रेडिएशन असतं म्हणतात, ते खरं का?

अर्धायुष्य
खरं. उंचीवर वरची हवा पातळ असते, आकाशातले किरण कमी अडतात. दहा तासांचा प्रवास म्हणजे साधारण दोन-तीन छातीच्या एक्सरेंइतकं. आईला येऊ द्या.

उंडो_पाव
म्हणजे परदेशी जायला गोंयकार लावतात ती पोर्तुगीज पासपोर्टची रांगही एक प्रकारची एक्सरेची रांगच.

सोलकढी
मी कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) नर्स आहे. अँजिओप्लास्टीत एक्सरे एकदाच "टक" होत नाही, मिनिटंच्या मिनिटं चालू राहतो, म्हणून आमची तऱ्हा वेगळी. ऍप्रन, गळ्याला थायरॉइडचा पट्टा, छातीवर ऍप्रनच्या आत बॅज. बॅजमध्ये पातळ चकत्या असतात, किती किरण लागले ते मोजायला तीन महिन्यांनी पाठवतात. आपल्याकडे कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. जनतेसाठी १. पेशंटला मर्यादा नसते, त्याच्या बाबतीत फक्त गरज आहे की नाही ते पाहायचं.

गंमत सांगते. मागे काम करत होते तिथे एकाचा बॅज एवढा भरून आला की वरून विचारणा झाली. बिचारा रडायच्या बेताला आलेला. शोधल्यावर कळलं, सुट्टीवर जाताना बॅज लावलेला ऍप्रन मशीनशेजारीच टांगून गेला होता. माणूस पंधरा दिवस पेडण्याला घरी चवथीत, बॅज मात्र रोज ड्युटीवर.

आणि कृपा करून कुणी ऍप्रनची घडी घालू नका. घडीवर आतलं शिसं तडकतं, वरून कापड छान दिसतं. आम्ही अधूनमधून ऍप्रनचाच एक्सरे काढून बघतो, भेगा पांढऱ्यावर काळ्या दिसतात. शेवंतीताई, तुमचा तो निळा ऍप्रन खुंटीला टांगलेला होता ना? एवढं तरी त्यांनी बरोबर केलं.

मांडवी_तीर
छातीच्या एक्सरेला मंगळसूत्र काढायला लावतात, तेही रेडिएशनमुळेच का? माझ्या आत्याने काढलं नाही, बिना एक्सरे परत आली.

अंधारखोली
छे. धातूची सावली फुप्फुसावर पडते म्हणून. आत्याला सांगा, हातात धरून ठेवा, गळ्यात नको एवढंच. आणि वेणी वर बांधायची. जाड ओली वेणी खांद्यावरून पुढे आली की फुप्फुसाच्या टोकाला अशी सावली दिसते की नवा डॉक्टर टीबी म्हणून बसतो. माझ्या हातून एका मुलीचा असा फोटो गेलाय. तिच्या आईचा चेहरा अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी वेणी वर बांधून काढला, साफ.

फोंड्याचा_पात्रांव
काका, जुन्या एक्सरेच्या फिल्म घरात ठेवाव्या का? पावसाळ्यात बुरशी येऊन एकमेकींना चिकटतात. त्यातूनही काही बाहेर पडत नाही ना?

अंधारखोली
फिल्म म्हणजे फोटो. काही बाहेर पडत नाही. ठेवा, कोरड्या जागी, उभ्या. आताशा सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. जुना फोटो समोर असला की नवा काढावा लागत नाही, कुळागरांच्या आईचं दुखणं तेच होतं.

फक्त त्यातून ग्रहण बघू नका. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवारच्या बाजूला खग्रास होतं, तेव्हा आख्खा गाव आमच्या दारात, "फोटो दी रे एक". मी वाटल्या. किरणांचं शिकलो होतो आणि तरी वाटल्या! फिल्ममधून उजेड कमी दिसतो, पण डोळा जाळणारा भाग येतच राहतो.

कुळागर
भंगारात विकायच्या का मग? दिल्लीत भंगारवाल्याला रेडिएशनने मारलं होतं ना?

अर्धायुष्य
ते मायापुरी, २०१०. भंगारात गेलेल्या एका जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० होतं, जे वीज नसतानाही किरण सोडत राहतं. एकाचा जीव गेला. एक्सरे मशीन वेगळं, प्लग काढलं की मेलं. आपल्या संबंधातलं तिसरं म्हणजे बोन स्कॅन, थायरॉइडचा स्कॅन वगैरे, ज्यात औषध टोचतात. तिथे माणूसच काही काळ किरण सोडतो. त्या औषधातल्या टेक्निशियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सहा तास, दुसऱ्या दिवसापर्यंत जवळजवळ संपतं. तेवढा वेळ भरपूर पाणी प्यायचं आणि तान्ह्या मुलाला कडेवर घ्यायचं नाही.

उंडो_पाव
म्हणजे अखेर एका ठिकाणी सोलांच्या पाण्याचा उपयोग निघाला. जाऊबाईंना कळवा.

शेवंती_साखळी (१७ एप्रिल)
सगळं वाचतेय, हसतेही आहे. पण अंधारखोलीकाकांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, त्याचं उत्तर मी मुद्दाम टाळलं.

नाही विचारलं त्याने. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण मलाच माहीत नव्हतं. पाळी चार दिवस वर गेली होती, धावपळीमुळे असेल वाटलं. परवा घरी तपासलं. दोन रेघा.

नवऱ्याशिवाय घरात कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंच्या ओळखीत एकीचा असाच एक्सरे निघाला होता आणि तिला डॉक्टरांनी खाली करायला सांगितलं, असं त्या मागे बोलल्या होत्या. रात्रभर तेच डोक्यात.

दोतोर_म्हापसा
शेवंतीताई, आधी अभिनंदन. आणि आता नीट वाचा.

गर्भाला इजा होण्याची चर्चाच १०० मिलिग्रेच्या (शरीरात शोषलेल्या किरणांचं माप, एक्सरेपुरतं मिलिसिव्हर्टइतकंच धरा) वर सुरू होते. त्याच्या खाली केवळ रेडिएशनच्या कारणाने गर्भपात करायचं समर्थन नाही, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, माझं मत नव्हे. तुमच्या स्वतःच्या छातीचा एक्सरे काढला असता तरी बाळापर्यंत ०.०१ मिलिग्रेसुद्धा पोचलं नसतं. तुमचा तर फोटोच काढलेला नाही. मुलाच्या मनगटावरून उडालेलं तुमच्या कपड्यांपर्यंत आलं, आणि बाळ त्याच्याही मागे, आत.

ऐकीव गोष्टीतल्या बाईचं नेमकं काय झालं ते तुम्हाला-मला ठाऊक नाही. पण भीतीने झालेले गर्भपात ठाऊक आहेत. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर शेकडो कोस दूरच्या ग्रीसमध्ये, जिथे मात्रा किरकोळ होती, तिथे बायकांनी घाबरून हवे असलेले गर्भ काढून टाकले. किरणांनी काही केलं नाही, सल्ल्याने केलं.

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना एक्सरेचं सांगा, लपवू नका, पहिली सोनोग्राफी ते सांगतील तेव्हा करा. फॉलिक ऍसिड सुरू झालं का? मला त्याची जास्त काळजी आहे.

अर्धायुष्य
डॉक्टरांनी सांगितलंच आहे, मी फक्त बेरीज करतो. तुमच्यापर्यंत पोचलेलं फार तर मायक्रोसिव्हर्टच्या (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) घरात. तुम्ही हा धागा पाच दिवस वाचत बसलात, तेवढ्या वेळात जमीन-हवेकडून त्याच्या तीसेक पट मिळालं असेल.

कुळागर
मी इथे सगळ्यांशी भांडतोय पण या एका बाबतीत नाही. निश्चिंत झोपा, ताई.

अंधारखोली
बाय, मी तो प्रश्न सहज नव्हता विचारला. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दारावर तशी पाटीही असावी लागते, "गर्भवती असल्यास आधी सांगा". १९८३ पासून देशात यासाठी मंडळ आहे, मशीनला परवाना लागतो. पुढच्या फोटोला जाल तेव्हा त्या मुलाला शांतपणे सांगा. ओरडू नका. बहुतेक नवा असेल.

सोलकढी
आणि पुढच्या वेळी धरायला दुसरं कुणीतरी. तुम्ही बाहेर.

शेवंती_साखळी (९ मे)
उशिरा लिहिते. दोतोर, गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. सोनोग्राफी झाली, ठोके दिसले. घरात सांगितलं.

काल प्लॅस्टर काढलं आणि परत एक एक्सरे होता. या वेळी धरायला दीर. ऍप्रन मागितला तर त्या मुलाने लगेच काढून दिला. दीर म्हणतात अर्ध्या भाताच्या पोत्याचं वजन आहे, फोटो होईपर्यंत पाठ गेली. पोरगं आता मोठं झाल्यासारखं स्वतःच हात ठेवून बसलं होतं, धरायची गरजच पडली नाही. दीर उगाच ऍप्रन घालून उभे.

मी बाहेर बसून पाटी शोधली. होती. कॅलेंडरखाली झाकली गेली होती. त्या मुलाला दाखवली, तो एवढासा झाला, कॅलेंडर काढून पलीकडच्या खिळ्याला लावलं.

बोंडू संपले. नीरो पुढच्या वर्षी.

उंडो_पाव
दिरांना तिझन द्या. दमले असतील.